न लिहिलेल्याचा अर्थ

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत सर्व्हर सांभाळणारी तीन माणसं होती: नाईक सर, तेजस आणि रुबिना. माणसं बाणेरला बसायची, मशीनं नवी मुंबईत महापेच्या डेटा सेंटरमध्ये. मधलं अंतर एसएसएचने कापायचं.

पूर्वी नवा माणूस रुजू झाला की नाईक सर एकेका सर्व्हरवर जाऊन ‘युजरअ‍ॅड’ चालवत. दहा सर्व्हर होते तोवर हे निभावलं. आकडा शंभराच्या घरात गेला, तसं कोणाचं अकाउंट कुठे आहे हे फक्त सरांच्या डोक्यात उरलं आणि सर सुट्टीवर गेले की ती माहितीही त्यांच्याबरोबर गावाला जाऊ लागली. मग सरांनी पपेट आणलं. ल्यूक कॅनिस यांनी २००५ मध्ये सुरू केलेलं हे साधन. प्रत्येक सर्व्हरवर त्याचा एक एजंट असतो. तो दर ३० मिनिटांनी मुख्य सर्व्हरला विचारतो, माझ्यावर काय काय असायला हवं? उत्तर येईल तसं मशीन करून ठेवतो.

ते उत्तर हायरातून येतं. आर. आय. पीनार यांनी २०११ मध्ये हायरा आणलं आणि पुढच्याच वर्षी ते पपेटच्या तिसऱ्या आवृत्तीत आलं. त्यामागचा विचार सरळ आहे: नियम कोडमध्ये राहू दे, माहिती वेगळ्या यामल फाइलींत थराथराने ठेवा. सरांनी चार थर केले. तळाला ‘कॉमन’, म्हणजे सगळ्यांना लागू. त्यावर ठिकाणाचा थर. त्यावर कामाचा: डेटाबेसची फाइल, वेबची, हिशेब विभागाची. सगळ्यांत वर एकेका सर्व्हरची स्वतःची फाइल. कोणत्याही फाइलीत दोन याद्या असू शकत. एक युजरांची: नाव, यूआयडी, ग्रुप. दुसरी त्यांच्या एसएसएच कीची.

सरांनी थर मांडले. पण एकच गोष्ट दोन थरांत सापडली तर काय करायचं, हे लिहायचं राहून गेलं.

पहिले काही महिने सगळ्या याद्या ‘कॉमन’मध्येच होत्या, त्यामुळे हा प्रश्न आलाच नाही. मग डेटाबेसच्या कामावर एक शिकाऊ मुलगा आला. त्याला फक्त डेटाबेस सर्व्हर दाखवायचे होते. तेजसने डेटाबेसच्या फाइलीत युजरांची यादी उघडून त्याचं एकट्याचं नाव लिहिलं आणि कीच्या यादीत त्याची की घातली. अर्ध्या तासात मुलाला लॉगिन मिळालं. बाकी सगळे पूर्वीसारखेच आत-बाहेर करत होते. तेजसच्या मते त्याने यादीत एक नाव वाढवलं होतं.

काही दिवसांनी एका रात्री नवा डेटाबेस सर्व्हर उभा केला. पपेट चाललं, एकही एरर आला नाही. तेजस लॉगिन करायला गेला तर परमिशन डिनाइड. रुबिनालाही तेच, नाईक सरांनाही तेच. साऱ्या कंपनीत त्या मशीनमध्ये शिरू शकणारा एकच माणूस होता, आणि तो पंधरा दिवसांपूर्वी रुजू झालेला शिकाऊ मुलगा. त्याला चिंचवडला झोपेतून उठवलं. बिचाऱ्याने लॉगिन केलं, पण त्याला सुडो नव्हतं. नुसतं आत उभं राहून तो सांगत राहिला, “सर, मी आत आहे. आता काय करू?”

शेवटी सरांनी कन्सोलवरून रूटने शिरून काम उरकलं. सकाळी तिघं फाइली घेऊन बसले.

“मी कोणाचंच नाव काढलं नव्हतं,” तेजस म्हणाला.

“काढलं नव्हतंस, पण बाकीच्यांबद्दल काही लिहिलंही नव्हतंस,” सर म्हणाले. “आणि एकत्र कसं करायचं ते मीही लिहिलं नव्हतं. काही सांगितलं नाही तर हायरा ‘फर्स्ट’ धरतो. वरून खाली बघत येतो, ज्या थरात यादी पहिल्यांदा सापडेल तिथेच थांबतो. खालची ‘कॉमन’ त्याने उघडलीच नाही. तुझ्या फाइलीत एक नाव होतं, म्हणून डेटाबेस सर्व्हरवर एकच माणूस.”

“मग जुन्या सर्व्हरवर आपण कसे राहिलो?”

“तिथे आपली अकाउंट आधीच होती. यादीतून नाव गेलं की पपेट त्या माणसाकडे बघणं सोडून देतं, त्याला हाकलत नाही. म्हणून जुन्या मशीनवर काही दिसलं नाही. नवं मशीन कोरं होतं, तिथे उघडं पडलं.”

सर उत्तराच्या पहिल्या अर्ध्यावरच खूश झाले आणि त्यांनी उपाय केला. दुसरा अर्धा कोणाच्याच लक्षात राहिला नाही. तो पुढे महागात पडला.

उपाय असा: हायराच्या माहितीतच ‘लुकअप ऑप्शन्स’ म्हणून एक जागा असते, तिथे कोणती यादी कशी एकत्र करायची हे सांगता येतं. सरांनी दोन्ही याद्यांसाठी ‘हॅश’ लिहिलं. आता हायरा एका थरावर थांबेना. सगळ्या थरांतली नावं गोळा करू लागला. शिकाऊ मुलगाही राहिला, बाकीचेही आले. पुन्हा तसा सर्व्हर उभारून पाहिला. सगळे आत.

पुढची पाळी रुबिनाची. रिपोर्ट काढायला एक नवा सर्व्हर आला. नीलेश नावाच्या सहकाऱ्याला तिथे ‘रिपोर्ट’ या ग्रुपमध्ये टाकायचं होतं. नीलेशची पूर्ण नोंद ‘कॉमन’मध्ये होतीच. रुबिना नेटकी, एकदा लिहिलेलं दुसऱ्यांदा लिहिणं तिला पटायचं नाही. तिने त्या सर्व्हरच्या फाइलीत नीलेशच्या नावाखाली फक्त ग्रुप लिहिला. यूआयडी तर तळात आहेच, तो येईल, हा तिचा हिशेब.

नीलेशचं अकाउंट बनलं, त्याच्या कीने तो आतही गेला. दुपारी जिन्याजवळ त्याने रुबिनाला गाठलं. “एक विचारू का? त्या नव्या मशीनवर मला हिशेब विभागाच्या पगाराच्या फाइली उघडता येतात. येणं बरोबर आहे का?”

बरोबर नव्हतं. कंपनीत यूआयडी हाताने दिलेले होते आणि ते सगळीकडे सारखे असावेत अशी शिस्त होती. त्याला कारण होतं. सगळे सर्व्हर एनएफएसवरची एकच सामायिक डिस्क वापरत, आणि ती डिस्क माणसाला नावाने ओळखत नव्हती, आकड्याने ओळखत होती. नीलेशचा आकडा ‘कॉमन’मध्ये नोंदलेला होता, पण या मशीनवर पोचला नाही. तेव्हा ‘युजरअ‍ॅड’ने आपल्या रीतीप्रमाणे इथल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढचा मोकळा आकडा, २०१७, त्याला देऊन टाकला. हिशेब विभागाच्या सर्व्हरवर २०१७ हा आकडा पगार काढणाऱ्या बाईंचा होता. त्यांचं अकाउंट या मशीनवर नव्हतं, म्हणून टक्करही झाली नाही. डिस्कच्या लेखी नीलेश म्हणजे त्याच बाई.

“‘हॅश’ने सगळे थर एकत्र केले होते ना?” रुबिनाने विचारलं.

“नावापुरते,” सर म्हणाले. “वेगवेगळ्या थरांतली वेगवेगळी नावं ‘हॅश’ जोडतो. पण एकच नाव दोन थरांत आलं तर वरची नोंद अख्खी उचलतो आणि खालची अख्खी सोडतो. नोंदीच्या आत तो शिरत नाही. तुझ्या नोंदीत यूआयडी नव्हता, म्हणून त्याने यूआयडी नाहीच असं धरलं.”

“मला वाटलं, नाही लिहिलं म्हणजे पूर्वीचा तोच.”

“आणि मला वाटलं होतं, नाही लिहिलं म्हणजे बाकीचे तसेच,” तेजस म्हणाला. आदल्या वेळच्या चुकीला सोबत मिळाल्याचं समाधान त्याला लपवता आलं नाही.

सरांनी आकडा दुरुस्त केला, त्या चुकीच्या आकड्याने तयार झालेल्या फाइली शोधून त्यांचे मालक बदलले आणि ‘हॅश’ खोडून ‘डीप’ लिहिलं. ‘डीप’ नोंदीच्या आतही शिरतो. वरच्या थरात ग्रुप असेल तर तो घेतो, यूआयडी नसेल तर खालून आणतो. दोन्हीकडे ग्रुपांच्या याद्या असतील तर त्या एकमेकींत मिसळतो. आता थोडं लिहूनही भागत होतं. तिघांना वाटलं, सुटलो एकदाचे.

मग कंत्राटावरचा एक इंजिनियर काम संपवून गेला. चांगला माणूस, जाताना सगळ्यांना पेढे देऊन गेला. तेजसने ‘कॉमन’ उघडून त्याचं नाव काढलं, कीच्या यादीतून त्याची की काढली, रुबिनाने बदल तपासला, दोघांनी चहा घेतला.

दोन महिन्यांनी त्याचाच फोन आला. “तेजस, रागावू नकोस. टर्मिनलवर जुनी कमांड शोधताना चुकून तुमच्या जंप सर्व्हरची कमांड चालली, आणि मी आत गेलो. लगेच बाहेर पडलो, कशाला हात लावला नाही. पण तुम्हाला कळवायला हवं असं वाटलं.”

माणूस प्रामाणिक होता म्हणून हा फोन आला. प्रामाणिक नसता तर आला नसता, आणि तो आत येतो हेही कोणाला कळलं नसतं.

या वेळी नाईक सरांनी स्वतः काही सांगितलं नाही. ‘पपेट लुकअप’ला जंप सर्व्हरचं नाव देऊन ‘एक्स्प्लेन’ जोडा आणि काय दिसतं ते मला सांगा, एवढंच म्हणाले. ही कमांड एकेक थर उघडून दाखवते: इथे काय सापडलं, इथे काही नाही, शेवटी मिसळून काय झालं. तेजस वाचत गेला. ‘कॉमन’मध्ये त्या इंजिनियरचं नाव नव्हतं. पण जंप सर्व्हरच्या स्वतःच्या फाइलीत होतं. कधी काळी त्याला तिथे एक जादा ग्रुप दिला होता. ‘डीप’ने तो तुकडा इमानेइतबारे उचलून यादीत ठेवला होता.

“म्हणजे एका थरातून काढलं, दुसऱ्यात राहिलं,” तेजस म्हणाला. “तिथूनही काढतो.”

“आणि काढल्यावर?” सरांनी विचारलं. “बाकीच्या सर्व्हरवर तर तो कोणत्याच थरात नाही. तिथे बघ.”

बघितलं. वीसेक सर्व्हरवर त्याचं अकाउंट जसंच्या तसं होतं, ‘ऑथराइज्ड कीज’मध्ये त्याची कीही होती. एकाही यादीत नाव नाही आणि घरात माणूस आहे. शिकाऊ मुलाच्या वेळी सर जे अर्ध्यात बोलून गेले होते, ते आता पुरतं समोर आलं. यादीतून गेलेल्याला पपेट हाकलत नाही, त्याच्याकडे फक्त बघेनासं होतं.

थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग रुबिना म्हणाली, “अब्बा तलाठी होते, बार्शी तालुक्यात. लोक यायचे आणि म्हणायचे, वडील वारून आठ वर्षं झाली, सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव कसं? अब्बा म्हणायचे, तुम्ही कळवलंत का? माणूस गेला म्हणून नाव जात नाही. वारसांनी अर्ज करायचा, गाव नमुना सहामध्ये फेरफार धरायचा, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करायचा, मग जुन्या नावाला कंस पडतो. नाव काढायलाही नोंदच करावी लागते.”

“आपण नोंद केली नाही,” तेजस म्हणाला. “नुसतं पुसलं.”

“पुसणं म्हणजे गप्प बसणं,” सर म्हणाले. “तीन वेळा आपण तेच केलं. तू बाकीच्यांबद्दल गप्प राहिलास, ‘फर्स्ट’ने त्याचा अर्थ लावला, बाकीचे नकोत. रुबिना यूआयडीबद्दल गप्प राहिली, ‘हॅश’ने अर्थ लावला, यूआयडी नाही. आता गेलेल्या माणसाबद्दल आपण तिघंही गप्प राहिलो, पपेटने अर्थ लावला, असू दे. गप्प आपण एकाच तऱ्हेने बसलो. अर्थ मात्र दर वेळी वेगळा निघाला. आणि दर वेळी मी काय केलं? नियम बदलला. जणू असा एखादा नियम मिळेल की आपण काही न लिहिता तो आपल्या मनातलं ओळखेल.”

त्या दिवसापासून कामाची रीत बदलली. जाणाऱ्याचं नाव ‘कॉमन’मधून काढायचं नाही, तिथेच त्याच्यापुढे ‘एन्शुअर: अ‍ॅबसेंट’ असं लिहायचं, म्हणजे हे अकाउंट कुठेही असता कामा नये. वरच्या थरांत त्याचे तुकडे असतील तर ते शोधून काढायचे, कारण एखाद्या वरच्या फाइलीत ‘प्रेझेंट’ राहिलं तर जिंकतं तेच. कीसाठी ‘पर्ज’ चालू करायचं, म्हणजे यादीत नसलेली की अकाउंटमध्ये उरणार नाही. सगळे सर्व्हर एकदा फिरून झाले, नाव कुठेच उरलं नाही हे पाहिलं, की मगच ती ओळ पुसायची.

ग्रुपांच्या बाबतीतही तसंच. एका ग्राहकाच्या सर्व्हरवर नीलेशला सुडो द्यायचं नव्हतं. रुबिना त्या फाइलीत सुडो वगळून ग्रुप लिहायला निघाली आणि मध्येच थांबली. ‘डीप’ दोन्ही याद्या मिसळतो. वगळलेला सुडो तळातून पुन्हा वर येणार. तिने ‘लुकअप ऑप्शन्स’मध्ये नकाराची खूण ठरवून घेतली, दोन आडव्या रेघा, आणि सुडोच्या आधी त्या रेघा मारल्या. मिसळताना तो सुडो गळून पडला. तरी मशीनवर नीलेश सुडोमध्येच राहिला, कारण पपेट मुळात ग्रुपांची यादी ‘किमान एवढे’ अशी वाचतं; ‘एवढेच’ असं सांगायचं तर ‘मेंबरशिप’ पुढे ‘इन्क्लुझिव्ह’ लिहावं लागतं. तिने तेही लिहिलं. नेटकेपणाची तिची व्याख्या तोवर बदलली होती. ज्या गोष्टीचा अर्थ दुसऱ्यावर सोडलेला नाही, ती तिच्या लेखी नेटकी.

दोन वर्षांनी नाईक सर दुसरीकडे निघाले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी तेजसला बोलावलं. “माझं अकाउंट काढ. माझ्यासमोर.”

तेजसने ‘कॉमन’मध्ये सरांच्या नावापुढे ‘अ‍ॅबसेंट’ लिहिलं आणि कमिट करण्याआधी सगळ्या सर्व्हरांवर ‘एक्स्प्लेन’ चालवून पाहिलं. एका जुन्या मशीनचं उत्तर वेगळं आलं: प्रेझेंट.

“या मशीनच्या फाइलीत तुमच्या नावापुढे ‘प्रेझेंट’ लिहिलंय, सर.”

सरांनी फाइलीचा इतिहास उघडला. लिहिणारे तेच होते, फार पूर्वी. कशासाठी, ते आठवेना. “काढ,” ते म्हणाले, “आणि का काढलंस ते संदेशात लिही.”

अर्ध्या तासात सगळीकडून नाव गेलं. एक सर्व्हर मात्र लाल झाला: हा युजर काढता येत नाही, त्याच्या नावाने अजून एक प्रोसेस चालू आहे.

“सर, तुम्ही अजून आत बसलाय.”

कधीतरी एक स्क्रीन सेशन उघडून सर तसेच निघून आले होते. ते हसले. “हे बरं झालं. याने अडवलं, पण बोलून अडवलं. आपल्याला त्रास झाला तो बोलणाऱ्या चुकांचा नाही.” सेशन बंद केलं, पुढच्या फेरीत तोही सर्व्हर हिरवा झाला. मग सरांनी आपल्या लॅपटॉपवरून जंप सर्व्हरला लॉगिन करून पाहिलं. परमिशन डिनाइड. त्यांनी समाधानाने लॅपटॉप मिटला आणि सगळ्यांना पेढे वाटले.

तात्पर्य: आपण जे लिहीत नाही त्याचाही अर्थ लागतो, पण तो आपण लावत नाही, वाचणाऱ्याचा नियम लावतो. म्हणून जे हवं ते लिहावं, जे नको तेही लिहावं, आणि दोन्ही एकत्र वाचून काय अर्थ निघतो ते आधी पाहून घ्यावं.